गराजचा ओपनर बदलायचाय, कुठला घ्यावा?

पानगळ
नमस्कार मंडळी. एडिसनजवळ (न्यू जर्सी) जुनं घर घेतलंय. दोन गाड्यांचं गराज, एकच रुंद दार, १६ बाय ७ फुटी. ओपनर (दार उघडबंद करणारी मोटर) आधीच्या मालकाच्या काळातला, साखळीचा. खडखडाट एवढा की वरच्या खोलीत निजलेलं बाळ दचकून उठतं. हल्ली दार अर्ध्यावर अडकतंही. बेल्टचा घ्यावा की भिंतीवर बसणारा? हॉर्सपॉवर किती? पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत, त्यांनाही जमायला हवं.

रारिटनकाठ
अर्ध्यावर अडकतं म्हणताय, तर ओपनर राहू द्या, आधी दार तपासा. दाराचं वजन मोटर पेलत नाही, वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगा पेलतात. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटभर फट दिसली तर ती तुटलेली आहे, मग कशालाच हात लावू नका, माणूस बोलवा. फट नसेल तर दार पूर्ण बंद असताना ओपनरच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी ओढा, दार मोटरपासून सुटतं. दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचला आणि पकड हळूहळू सैल करा. तिथेच तरंगत राहिलं तर उत्तम. खाली ओढ घेत असेल तर स्प्रिंग थकलीय.

साधी स्प्रिंग साधारण १०,००० उघडझापींसाठी बनवलेली असते. रोज चार धरल्या तर सातेक वर्षं. थकलेल्या स्प्रिंगवर तगडी मोटर बसवली तर दार उघडेल, पण गिअर झिजत जातील. आणि स्प्रिंग स्वतः बदलायला कृपया जाऊ नका, तिच्यातला ताण हाडं मोडतो.

वर झोपायची खोली आहे म्हणजे बेल्टच, डीसी मोटरचा. सावकाश सुरू होतो, सावकाश थांबतो. पाऊण हॉर्सपॉवर पुरे. रोलर लोखंडी असतील तर त्याच माणसाकडून नायलॉनचे घालून घ्या, बराचसा आवाज तिथेच मरतो.

सॅक्रामेंटोकर
बेल्टला +१. भिंतीवरचाही शांत असतो आणि छत मोकळं राहतं, पण महाग. बॅटरी बॅकअप मात्र घ्याच. आमच्याकडे कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला तो कायद्यानेच लागतो. २०१७च्या वणव्यांत वीज गेली आणि वयस्कर माणसांना जड दारं हाताने उघडता आली नाहीत, त्यानंतर आलेला कायदा आहे हा. आई-बाबा दुपारी घरात एकटे असणार, तेव्हा याचा विचार कराच.

दवबिंदू
जमिनीलगत दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे (बंद होताना खाली काही आलं की दार परत वर नेणारे) आहेत का? १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरना अमेरिकेत अशी सुरक्षा सक्तीची आहे. नसतील तर तो ओपनर आजच बंद करा, घरात बाळ आहे. नवे डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या आतच बसवून घ्या. दर महिन्याला दाराखाली मधोमध टू-बाय-फोरची (दीड इंच जाड) लाकडी फळी आडवी, सपाट टाकून दार बंद करून बघा. फळीला टेकताच ते उलटं वर गेलं पाहिजे.

वंगण म्हणून साधा डब्ल्यूडी-४० नको, टिकत नाही. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगांवर व्हाइट लिथियम किंवा सिलिकॉन स्प्रे. रुळांना काहीही लावू नका, नुसते पुसा. रिमोट जवळ आल्यावरच चालू लागला तर ओपनरमधला एलईडी दिवा काढून बघा, काही दिवे सिग्नलमध्ये अडथळा आणतात.

पानगळ
मनापासून आभार. डोळे आहेत, पण दार खाली ओढ घेतंय! आधी स्प्रिंगवाला, मग बॅटरीसकट बेल्टचा. बाबांना लाल दोरी आल्या आल्या दाखवते. थंडीत तळाचं रबर जमिनीला गोठून चिकटतं का?

रारिटनकाठ
चिकटतं. तेव्हा बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, रबर फाटतं आणि मोटरवर ताण येतो. हेअर ड्रायरने कडेकडेने सोडवा, त्याआधी तिथलं पाणी पुसून घ्या. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेर) आसपास रबराला सिलिकॉन स्प्रे मारून ठेवा आणि दारासमोर पाणी साचू देऊ नका.