मदत हवी आहे: साळुंकीच्या पिल्लांचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) शून्याजवळच येतंय

रानपाखरू
एमएस्सीचा प्रकल्प सोमवारी द्यायचाय. हमरस्त्यालगतची घरटी आणि शेतातली घरटी, दोन्हीकडचे आकडे शून्यालगतच. तपासणीचं किट मुदतीतलं आहे. काय गडबड असेल? जरा लवकर सांगा.

पिंपळपान
अहो, पण तपासलंत काय? रक्त, विष्ठा की पिसं? रक्तातून त्या घडीचं कळतं, तेही पक्षी हातात आल्यापासून ३ मिनिटांत घेतलं तर. नाहीतर तुमच्या पकडण्याचाच ताण मोजला जातो. विष्ठेत मागच्या काही तासांचं कळतं, पिसात ते पीस उगवत होतं त्या दिवसांचं.

माईआजी
पिल्लाला दूध-पोळी अजिबात देऊ नका. खोक्यात मऊ कापड घालून अंधारात ठेवा.

रानपाखरू
आजी, पिल्लू सापडलेलं नाहीये! विष्ठा तपासली.

परीक्षानळी
किट खरंच कॉर्टिसॉलचं आहे? पक्ष्यांचं मुख्य ताणसंप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. कॉर्टिसॉल माणसात, माशांत.

रानपाखरू
विभागात होतं तेच दिलं. ताण तो ताणच ना?

परीक्षानळी
किटला तसं वाटत नाही! शिवाय विष्ठेत मूळ संप्रेरक फारसं उरतच नाही, यकृतात मोडून त्याचे तुकडे बाहेर पडतात. ते तुकडे ओळखणारं किट हवं, आणि ते साळुंकीत चालतं हे आधी दाखवावं लागतं.

पिंपळपान
म्हणून म्हणतो, पिसं घ्या. मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, आकडा पिसाच्या लांबीमागे मांडायचा.

परीक्षानळी
झालं, आली पिसं! सोमवारपर्यंत?

कायदेपंडित
घरट्यांना हात लावायची वनखात्याची परवानगी आहे का? १९७२ चा वन्यजीव कायदा साळुंकीलाही लागू आहे.

सागरगोटा
आकडे आले तरी 'जास्त म्हणजे वाईट' असं लिहू नका. किटिवेक या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांना कॉर्टिकोस्टेरॉन देऊन पाहिलंय. ती जास्त ओरडून खाणं मागतात, आईबापही जास्त भरवतात. मात्र पुढे अन्न शोधायला शिकण्यात ती मागे पडतात. आणि अर्जेंटिनात पुंता तोंबोला मोठे पेंग्विन पर्यटकांना सरावतात, पण तिथेच पर्यटक येतात त्या भागातल्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांत या संप्रेरकाची उसळी जास्त दिसली. तेव्हा पिल्लांचं वय सांगा, त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

रानपाखरू
वयं मिसळ आहेत. डोळे न उघडलेलीही, उडायला आलेलीही.

सागरगोटा
मग वयाप्रमाणे वेगळी करा. साळुंकीसारख्यांची पिल्लं अगदी लहान असताना हा प्रतिसाद मंद असतो, उडायच्या सुमारास वाढतो.

गॅलरीवाला
आमच्याकडे बुलबुलाचं घरटं आहे. फोटो काढले तर चालतील ना?

परीक्षानळी
त्याचा वेगळा धागा काढा हो. रानपाखरू, विष्ठा उरलीय का? गोठवलीत ना?

रानपाखरू
उरलीय. फ्रीजमध्येच आहे, भाजीच्या कप्प्याच्या वर.

परीक्षानळी
तिथे गोठत नाही, जिवाणू त्या तुकड्यांची मोडतोड करतच राहतात. नवं किट आणून उपयोग नाही. आजच गाईडना गाठा आणि मुदत वाढवून मागा.