मदत हवी आहे: आयटूसीला ४०० किलोहर्ट्झ मागितले, मिळतायत जेमतेम २

खटपट्या

मंडळी, तीन रात्री डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरची नुसती चिप आहे, स्वतः जोडलेल्या छोट्या बोर्डवर. क्रिस्टल लावलेला नाही, आतल्या आरसी ऑसिलेटरवरच (चिपच्या स्वतःच्या क्लॉकवर) चालवतोय. लिथियम सेलवरून रेग्युलेटरमार्गे ३.३ व्होल्ट. आयटूसीवर (चिपांना दोन तारांवर एकमेकांशी बोलतं करणारी पद्धत) दोनच गिऱ्हाइकं: १२८×६४ चा ओलेड डिस्प्ले आणि एक तापमानाचा सेन्सर. प्रोग्रॅम आर्डुइनो आयडीईतून, आयएसपी प्रोग्रामरने थेट टाकतो. बूटलोडर नाही.

त्रास असा: डिस्प्लेवर चित्र एकदम उमटत नाही. वरून एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत खाली येते, भिंतीला चुना काढल्यासारखी. पूर्ण पडदा व्हायला ५ सेकंद! लॉजिक अ‍ॅनालायझर लावला तर एससीएल (आयटूसीची क्लॉकची तार) १.९ किलोहर्ट्झच्या आसपास. कोडमध्ये वायर या आयटूसीच्या लायब्ररीचं बिगिन आणि त्याच्या लगेच खाली सेटक्लॉक, आकडा ४०००००. ही ओळ काढून टाकली तरी वेग जवळपास तोच.

चिपचा क्लॉक चुकलाय असं कुणी म्हणण्याआधी सांगतो, एलईडी बरोबर एका सेकंदाला लुकलुकतो (घड्याळ लावून पाहिलं) आणि सिरियल ९६०० वर एकही अक्षर बिघडत नाही. फक्त आयटूसीच गोगलगाय झालीय. सेन्सरचे आकडे मात्र बरोबर येतात, म्हणजे जोडणी चुकलेली नसावी.

तारांबळ

पुलअप (तारा वर ओढून धरणारे रोध) किती लावलेत? आयटूसी म्हटलं की निम्म्या वेळा तिथेच घोडं पेंड खातं. १० के (किलोओहम) असतील तर ४.७ के लावून बघा.

खटपट्या

१० के होते. आत्ताच ४.७ के लावून पाहिले. १.९ म्हणजे १.९, तसूभर हललं नाही. परत १० के लावून ठेवलेत.

फावल्या वेळात

बऱ्याच डिस्प्ले लायब्ररी स्वतःच क्लॉक ठरवतात. चित्र पाठवताना ४०० करतात आणि काम झालं की १०० वर आणतात. तुमचं सेटक्लॉक ती मागून पुसून टाकत असेल.

खटपट्या

ती शंका मलाही होती. म्हणून डिस्प्ले काढला, लायब्ररीही काढली, फक्त सेन्सर वाचणारा दहा ओळींचा कोड टाकला. तरी तेच.

जुना कावळा

लायब्ररी पुसून टाकत असती तरी १०० मिळाले असते, २ नाही. तेव्हा तो रस्ता सोडा. पुलअपचाही नाही. पुलअप कमजोर असले तर ४०० चे ३०० होतील, दोनशेव्या हिश्शावर येणार नाहीत.

दोन गोष्टी कळवा. एक, आयडीईत बोर्ड निवडताना क्लॉक किती निवडलाय? दोन, सेटक्लॉकला १००००, ५००००, १००००० आणि ४००००० असे चार आकडे देऊन प्रत्येक वेळी एससीएल मोजा. अंदाजे नको, अ‍ॅनालायझर जे दाखवेल तेच लिहा.

खटपट्या

बोर्डच्या यादीत "१ मेगाहर्ट्झ, आतला" निवडलंय. चिप नवी आहे, फ्यूजला (क्लॉक वगैरे ठरवणाऱ्या चिपमधल्या सेटिंगला) हात लावलेला नाही.

मोजलं, आणि आता मी जास्तच गोंधळलोय:
१०००० ला १०.० किलोहर्ट्झ
५०००० ला ४९.८
१००००० ला १.९१
४००००० ला १.९४

कमी मागितलं तर भरपूर मिळतं आणि जास्त मागितलं तर काहीच नाही?

जुना कावळा

गोंधळू नका, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ५०००० ला बरोबर चालतंय म्हणजे हार्डवेअर ठणठणीत आहे, हिशेब चुकतोय.

३२८पी मध्ये एससीएलचा वेग असा ठरतो: सीपीयूचा क्लॉक भागिले (१६ + २ × टीडब्ल्यूबीआर), प्रीस्केलर १ धरून. टीडब्ल्यूबीआर म्हणजे हा वेग ठरवणारं रजिस्टर, प्रीस्केलर त्याचा गुणक. टीडब्ल्यूबीआर शून्य ठेवलं तरी खाली १६ उरतातच. म्हणजे सीपीयू १ मेगाहर्ट्झवर असेल तर आयटूसीची कमाल मजल ६२.५ किलोहर्ट्झ. १०० सुद्धा शक्य नाही, ४०० ची तर बातच सोडा.

आता वायर लायब्ररी काय करते? ती हेच सूत्र उलटं फिरवते: सीपीयूच्या क्लॉकला मागितलेल्या वेगाने भागायचं, १६ वजा करायचे, निम्मं करायचं. १००००० साठी: १० वजा १६, उणे ६, निम्मे उणे ३. "हे जमणार नाही" असं लायब्ररी म्हणत नाही, निमूटपणे उणे ३ रजिस्टरमध्ये कोंबते. रजिस्टर आठ बिटांचं, त्याला उणे कळत नाही. उणे ३ चे झाले २५३. मग १० लाख भागिले (१६ + ५०६), म्हणजे १.९१६ किलोहर्ट्झ. ४००००० साठी उणे ७, म्हणजे २४९, आणि वेग १.९४६. तुमचे दोन्ही आकडे दारात येऊन उभे राहिले की नाही?

सेटक्लॉकची ओळ काढूनही फरक पडला नाही, कारण बिगिन आपणहून १०००००च मागतं. त्याचाही हिशेब तसाच बुडतो.

एलईडी आणि सिरियल बरोबर का? चिप खरोखर १ मेगाहर्ट्झवर आहे आणि आयडीईलाही तुम्ही तेच सांगितलंय. दोघांचं एकमत आहे, म्हणून वेळ चुकत नाही. नवी चिप ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरला आठने भागूनच चालते, त्यासाठीचा फ्यूज कारखान्यातूनच लावून येतो.

फावल्या वेळात

आईशप्पथ. मी ही लायब्ररी कितीतरी वर्षं वापरतोय, आत डोकावलो नव्हतो.

खटपट्या

कावळेकाका, दंडवत. मग आता ६२५०० मागून गप्प बसू की फ्यूज बदलू? बॅटरीवर चालवायचंय म्हणून १ मेगाहर्ट्झच बरा, असं वाटत होतं.

जुना कावळा

नुसता सेन्सर असता तर ५०००० वर सोडून दिलं असतं. पण डिस्प्लेचं एक पूर्ण चित्र म्हणजे १०२४ बाइट, प्रत्येक बाइटला पोचपावतीसकट ९ ठोके, वर पत्त्यांचा खर्च. धरा ९८०० ठोके. ६२.५ वर दीडशेहून जास्त मिलिसेकंद, ४०० वर पंचवीसच्या आत. बॅटरीचाच विचार असेल तर आठपट वेगाने काम उरकून चिपला झोपवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

लो फ्यूज हेक्स ६२ असेल, तो हेक्स ई२ करा. त्याबरोबर आयडीईतही ८ मेगाहर्ट्झ निवडा आणि प्रोग्रॅम पुन्हा टाका. नुसता फ्यूज बदललात तर सगळं आठपट धावेल आणि सिरियलवर कचरा दिसेल. ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झ नियमात बसतं, २.७ व्होल्टपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. फ्यूज लिहिण्याआधी आकडा दोनदा वाचा. चुकून बाहेरच्या क्रिस्टलचा पर्याय लिहिलात तर चिप नसलेल्या क्रिस्टलची वाट बघत बसेल आणि प्रोग्रामरलाही ओळख देणार नाही.

खटपट्या

फ्यूज बदलला, चित्र डोळ्यांदेखत फटकन आलं! पण पूर्ण जमलेलं नाही. एससीएल ४०० ऐवजी ३०० च्या आसपास दिसतोय, आणि सेन्सर मधूनच उत्तर देत नाही. आता हिशेब बरोबर आहे ना? ८० लाख भागिले २०, बरोबर ४ लाख. मग?

तारांबळ

आता तरी माझं ऐका. पुलअप!

जुना कावळा

या वेळी तारांबळ बरोबर आहेत. आयटूसीत चिप तार फक्त खाली ओढते, वर नेण्याचं काम रोधाचं. तार, पिना, मॉड्यूल सगळं मिळून १०० पिकोफॅरड धरलं तर १० के वर तार वर यायला साधारण ८५० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १००० पर्यंत चालतं, ४०० ला मर्यादा ३०० ची. शिवाय एससीएल खरंच वर आलाय हे पाहिल्यावरच तुमची चिप (एव्हीआर) पुढचा वेळ मोजायला घेते, म्हणून वेग ३०० वर घसरलाय. लॉजिक अ‍ॅनालायझरवर हा उतार दिसत नाही, तो फक्त शून्य आणि एक दाखवतो. २.२ के लावा. ३.३ व्होल्टला तारेमागे दीड मिलिअँपिअर होतो, तोही तार खाली असेपर्यंतच. मर्यादा ३ ची आहे.

खटपट्या

२.२ के लावले. एससीएल ३७०, पूर्ण चित्र २७ मिलिसेकंदांत. सेन्सर रात्रभर सोडून ठेवला होता, एकही वाचन चुकलं नाही. तारांबळ, तुमचं औषध बरोबर होतं, आजार मात्र दुसरा निघाला. धागा सुटलेल्यांत टाकतोय.