स्टेशनला लागून टॉवर उभा राहताना काय काय पाहिलंत? – अनुभव धागा

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. दहाणूकरवाडी ते आरे मेट्रो त्या दिवशी सुरू झाली आणि आम्ही सगळे उगाचच एक फेरी मारून आलो. फलाटावरून पलीकडे पत्र्यांनी वेढलेला खड्डा दिसला. खड्ड्यात पाणी, पाण्याकाठी बगळा. सहा महिन्यांनी आम्ही नेमकं तिथेच घर नोंदवलं आणि तेव्हापासून ऑफिसला जाता-येता मजले मोजायची खोडच लागली. असं मोजणारे इथे बरेच असणार. घर घेतलेलं असो वा नसो, लिहा. सुरुवात मी करतो.

पायलिंग (पायाचे खांब जमिनीत उतरवणं) संपून जमिनीच्या वर काही दिसेपर्यंत आठ महिने गेले. आई रोज विचारायची, "किती झालं रे?" माझं उत्तर ठरलेलं, "खड्डा." वरचे मजले सुरू झाले आणि वेग बघून मीच चाट पडलो. दहा-बारा दिवसांत एक स्लॅब! अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, साइटवर त्याला 'मायवान' म्हणतात. पण स्लॅब पडला की डिमांड लेटर, म्हणजे बिल्डरचं पुढचा हप्ता मागणारं पत्र, येणार. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नमुना करारानुसार सगळे स्लॅब होईपर्यंत घराच्या किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. त्यामुळे फलाटावर नवा मजला दिसला की आधी आनंद आणि लगेच बँकेची आठवण. शेवटचा स्लॅब पडला तेव्हा मी पेढे वाटले. घाई केली. पुढे प्लास्टर, प्लंबिंग, लिफ्ट, अग्निशमनची एनओसी (ना-हरकत), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र)... यातलं फलाटावरून काहीच दिसत नाही. इमारत वर्षभर तशीच्या तशी दिसली आणि आमचं घरभाडं मात्र चालूच.

ठाणे, घोडबंदर रोड

तुमची मेट्रो निदान आधी आली! आमच्या ब्रोशरमध्ये 'मेट्रोपासून दोन मिनिटं' होतं. मेट्रो 4 चं भूमिपूजन डिसेंबर 2016 चं, ठाण्यात चाचणी झाली सप्टेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात टॉवर झाला, ताबा मिळाला, मुलगी पाचवीत गेली. दोन मिनिटं खरीच आहेत म्हणा, मी घड्याळ लावून चाललोय. चालत जाऊन बंद स्टेशन बघायचं आणि रिक्षा पकडायची.

लक्षात राहिलाय तो लॉकडाऊन. कामगार गावी गेले, साइट चिडीचूप. 18 मे 2020 च्या आदेशाने महारेराने प्रकल्पांची मुदत सहा महिन्यांनी वाढवली, म्हणजे आमचा ताबाही तितकाच लांबला. पण क्रेन मात्र हलायची! मुलगी ओरडायची, "बाबा, काम सुरू झालं!" खाली चिटपाखरू नाही. भुताटकीच वाटायची.

साइटवरून

भुताटकी नाही दादा. काम बंद असताना क्रेनचा हात मोकळा सोडतात. वाऱ्याबरोबर फिरू दिला की क्रेनवर ताण कमी येतो. करकचून बांधून ठेवली तर वादळात उलटायची भीती.

मी साइट इंजिनिअर, मेट्रोला खेटून असलेल्या टॉवरवर तीन वर्षं काढली. आम्हाला क्रेनचा हात मेट्रोच्या मार्गिकेवर नेता येत नव्हता, त्यामुळे त्या बाजूचा माल दोनदा उचलावा लागे. आणि मायवानचं म्हणाल तर साचे क्रेनने नाही, माणसांच्या हातांनी वर जातात. स्लॅबमध्ये चौकोनी भोकं ठेवलेली असतात, खालचा पोरगा पत्रा वर सारतो, वरचा ओढून घेतो. आमची टोळी बंगालमधल्या मालदाची होती. ती ईदला गावी गेली की तुमचा बारा दिवसांचा स्लॅब महिन्यावर जायचा. ऑफिसात फोन यायचे, "काम का थांबलंय?" सांगणार काय!

टोरांटो

इथे अशा टॉवरमधल्या फ्लॅटला कॉन्डोच म्हणतात. आम्ही एग्लिंटन रस्त्यावर घेतला, तिथल्या क्रॉसटाऊन रेल्वेलाइनच्या भरवशावर. त्या लाइनचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि तारीख सारखी पुढे जात राहिली, ठाणेकरांना समदुःखी सापडला असेल. थंडीत ताडपत्र्या लावून आत हीटर पेटवतात, म्हणजे काँक्रीट गोठत नाही. रात्री मजला कंदिलासारखा दिसतो.

पण इथला छळ वेगळाच. खालचे मजले आधी राहायला देतात, इमारतीची नोंदणी बाकी असते. तोपर्यंत दरमहा बिल्डरला पैसे भरायचे आणि त्यातला एक डॉलरही घराच्या किमतीत धरत नाहीत. लोक त्याला 'फँटम रेंट' म्हणतात. आम्ही चौथ्या मजल्यावर सात महिने असे राहिलो, डोक्यावर ड्रिलिंग.

कांदिवली, समोरची बिल्डिंग

आम्ही काही घेतलं नाही, फक्त समोर राहतो. पहिलं वर्ष खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं, दुसरं धुळीचं. आईने गॅलरीला हिरवी जाळी लावून घेतली, तरी पोळपाटावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. टॉवर पश्चिमेला असल्याने संध्याकाळचं ऊन गेलं. त्याऐवजी सकाळी आठ-साडेआठला त्याच्या काचांवर आपटलेलं ऊन आमच्या मागच्या गॅलरीत येतं, वीसेक मिनिटं. आई हल्ली पापड तेव्हाच बाहेर काढते.