छोटी समुद्रचित्रं (६×८ इंच) प्रदर्शनात लावायचीत, पण वाळेनात!

मांडवीकर:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत राहतो, नोकरी सांभाळून रविवारी सकाळी रंगांची पेटी घेऊन समुद्रावर जातो आणि छोट्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ऑइलमध्ये एका बैठकीत होईल तेवढं करतो. कधी मांडवीची काळी वाळू, कधी मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, कधी भाट्याला सुरूच्या सावलीत. ४० एक झालीत आणि आता ओळखीतल्या एकांनी डिसेंबरात तीन दिवस हॉल देतो म्हटलंय. प्रॉब्लेम असा की पावसाळाभर सगळी लोखंडी कपाटात एकावर एक रचून ठेवलेली, मध्ये पेपर घालून. आता काढली तर एका चित्राच्या आभाळात क्रिकेटचा स्कोअर उलटा छापलाय, आणि बाकीच्यांत लाटांचा पांढरा फेस पिवळट पडलाय, चहात बुडवून काढल्यासारखा. सप्टेंबरातली तीन अजून बोटाला लागतात. व्हार्निश मारू का? आणि एवढुशी चित्रं मोठ्या भिंतीवर पोस्टाच्या तिकिटांसारखी दिसतील का हो?

तेलपाणी:
पिवळेपणाचं टेन्शन घेऊ नका. लिनसीड म्हणजे जवसाचंच तेल, अंधारात राहिलं की पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवा, डायरेक्ट उन्हात नको, काही आठवड्यांत बराच फरक पडेल. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, म्हणजे बंद कपाट ही सगळ्यात वाईट जागा. बोटाला लागतायत त्यांत अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा जाड लावला असणार, बरोबर? समुद्र म्हटलं की हेच दोन भसाभस जातात आणि दोन्ही सावकाश वाळणारे. अंबर (मातकट तपकिरी) त्या मानाने पटकन वाळतो, म्हणून मी पहिला थर टर्प्समध्ये (टर्पेंटाइन) पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा देतो, जास्त तेलाचा रंग नेहमी वरच्या थरात. उलटं केलंत तर पुढे तडे जातात.
फायनल व्हार्निश आत्ता अजिबात नको, त्याला सहा महिने ते वर्ष द्यायचं. हाताला कोरडी लागतायत त्यांना रिटच, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा एक पातळ हात चालेल. आणि पेपर घालणं बंद! दोन बोर्ड समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत काडेपेटीच्या काडीचे तुकडे ठेवायचे, वरून रबरबँड. मी एसटीतून तशीच आणतो.

फुटपाथवाला:
भिंतीचं मी सांगतो, मी काही वर्षं मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रं लावायचो (आतलं बुकिंग मिळायला कितीतरी वर्षं थांबावं लागतं म्हणून). तिथे एक कळलं, मोठं चित्र माणूस लांबून बघून पुढे जातो, पण वीतभर चित्र दिसलं की तो वाकतो, मग उचलून हातात घेतो आणि मागची बाजूपण बघतो. तुम्ही ती खिळ्याला उंच टांगलीत की हे सगळं गेलं. सुताराकडून चार इंच रुंद फळी घ्या, पुढे बारीक पट्टी, छातीच्या उंचीला लावा आणि चित्रं त्यावर नुसती टेकवून ठेवा. सगळी ४० मांडू नका, २०-२२ पुरे. मागे पेन्सिलने जागा, तारीख आणि वेळ लिहा, लोक ते वाचतातच. फ्रेम साधी सागवानी पट्टीची, काच नको. सोनेरी नक्षीवाली फ्रेम फ्रेमवाला गळ्यात मारायला बघेल, त्यात तुमचा समुद्र बुडून मरेल.

रापण_७:
मला नाही पटत. दोन-तीन तरी २४×३६ ची करा ना, नाहीतर हॉलच्या दारातून आत बघणाऱ्याला काही दिसणारच नाही.

फुटपाथवाला:
दीड महिन्यात २४×३६ ऑइल वाळवून दाखवा, मग बोलू.

खाडीकाठ:
थोडं अवांतर. मांडवीकर, पुढच्या रविवारी तेच चित्र पुरं करायला जाता का? मी आधी जायचो आणि वैतागायचो, कारण भरती रोज ५० एक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्याने त्याच वेळेला पाणी भलतीकडेच असतं आणि खडक गायब. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे, चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, मोटामोटी जमतं. आता मी पंधरवड्याने जातो, भरती बरीचशी जागेवर येते. आणि सकाळचंच करत राहा, ऊन आपल्या पाठीमागून येतं त्यामुळे होड्यांचे रंग खणखणीत दिसतात. संध्याकाळी सगळे सूर्यास्त रंगवतात, त्यात होडी म्हणजे नुसता काळा डाग.

मांडवीकर:
धन्यवाद सगळ्यांना. चित्रं काल घरच्या हॉलमधल्या खिडकीशी ओळीने लावली, बायको म्हणते घराचं दुकान झालं. फळीची आयडिया नक्की, सुतार ओळखीचा आहे. खाडीकाठ, अगदी बरोबर, पुरं करायला गेलो की दरवेळी नवीनच चित्र व्हायचं आणि मी लायटिंगला दोष द्यायचो. मोठ्या साइजचं पुढच्या वर्षी बघू. स्कोअरवाल्याचं काय करू पण? खरवडून परत रंगवू?

रापण_७:
खरवडू नका, ते मी घेतो. आरशात धरून बघा, कुठली मॅच आहे?