युगोस्लाव्हियाच्या सीमा नक्की कशावरून ठरल्या?

मुलीला अ‍ॅटलास दाखवत होतो, माझ्या शाळेच्या नकाशात युगोस्लाव्हिया एकच देश होता, आता कोसोवो धरून सात झालेत. आपल्याकडे भाषावार राज्यं झाली, तसं तिथे नव्हतं का? मग एवढी मारामारी कशावरून? जरा नीट सांगा कोणीतरी.

प्रतिसाद १
भाषेवरून रेघ मारणार कुठे? स्लोव्हेनियन, मॅसेडोनियन वेगळ्या, अल्बेनियन तर पूर्णच वेगळी, पण सर्ब, क्रोएट, बोस्नियन मुस्लिम बोलायचे जवळपास एकच, तेव्हा तिला सर्बो-क्रोएशियन म्हणायचे. फरक धर्माचा, सर्ब ऑर्थोडॉक्स, क्रोएट कॅथलिक. आणि राहायचे एकमेकांत मिसळून. १९९१ च्या जनगणनेत बोस्नियात साधारण ४४ टक्के मुस्लिम, ३१ टक्के सर्ब, १७ टक्के क्रोएट. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याच्या काळात देशात सहा प्रजासत्ताकं झाली (कोसोवो तेव्हा सर्बियातला प्रांत होता), त्यांच्या बऱ्याच सीमा जुन्या तुर्की आणि ऑस्ट्रियन राजवटीतल्याच आहेत.

प्रतिसाद २
वरच्याला जोडून. देश एक होता तोवर त्या रेघांनी रोजच्या जगण्यात फारसं अडत नव्हतं, क्रोएशियातल्या झाग्रेबचा माणूस सर्बियातल्या बेलग्रेडला नोकरी करायचा, लग्नं व्हायची. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया बाहेर पडले आणि मग युरोपियन कम्युनिटीच्या (आजच्या युरोपियन युनियनच्या आधीची संघटना) बॅदँतेर आयोगाने, म्हणजे कायदेशीर सल्ला देणाऱ्या समितीने, जानेवारी १९९२ मध्ये सांगितलं की ह्या आतल्या सीमा हीच आता आंतरराष्ट्रीय सीमा. म्हणजे क्रोएशियातला सर्ब घर न सोडता दुसऱ्या देशातला अल्पसंख्य झाला. रेघ हलत नाही म्हटल्यावर माणसंच हलवायला घेतली हो, हाकलून नाहीतर मारून. बोस्नियातलं स्रेब्रेनिका, जुलै १९९५, आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. त्यानंतर युद्ध थांबवणारा डेटन करार, बोस्नियाची बाहेरची सीमा तशीच पण आत ५१-४९ टक्के वाटणी, ५१ मुस्लिम-क्रोएट भागाला, ४९ सर्ब भागाला.

प्रतिसाद ३
स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बसने गेलोय, २०१७ ला. दोन्ही क्रोएशियातलीच शहरं, पण मध्ये न्यूम लागतं, बोस्नियाचा जेमतेम वीसेक किलोमीटरचा समुद्रकिनारा, त्यामुळे दोनदा पासपोर्ट काढला. ही पट्टी रागुसाने, म्हणजे जुन्या दुब्रोव्हनिकनेच, व्हेनिसशी सीमा भिडू नये म्हणून १६९९ मध्ये तुर्कांकडे जाऊ दिली होती!! २०२२ ला पेल्येशात्स पूल झाला, आता वळसा घालता येतो.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद सगळ्यांना. पण ज्यांचे आईवडील दोन जमातींचे, ते काय लिहायचे जनगणनेत?

प्रतिसाद २
त्यातले बरेच 'युगोस्लाव्ह' लिहायचे. १९८१ मध्ये असे १२ लाखांवर होते, आणि त्यांचाच देश गेला, ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. बोस्नियाच्या अध्यक्षमंडळात आजही एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब एवढेच बसू शकतात. एक रोमा आणि एक ज्यू गृहस्थ ह्याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकले, घटनेतलं ते कलम मात्र अजून बदललेलं नाहीये.