स्टेअरवे टू हेवनची सुरुवात: सूर बरोबर येतात, पण गाणं वाटत नाही. मदत हवी आहे

वेलदोडा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत माझ्या दादाची पन्नाशी आहे. चिपळूणच्या घरी त्याच्याकडे लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची एक कॅसेट होती, त्यातच स्टेअरवे टू हेवन हे गाणं. तो बारावीत, मी चौथीत. रात्री आईने दिवे मालवले की तो टेप अगदी बारीक आवाजात लावायचा आणि मी पलीकडच्या खोलीत भिंतीला कान लावून ऐकायचे. शब्द कळत नव्हते, पण त्या गाण्याची सुरुवातीची गिटार तेव्हापासून डोक्यात बसली आहे. ती मला त्याच्यासमोर वाजवायची आहे. आठ मिनिटांचं अख्खं गाणं नको, गायन सुरू होईपर्यंतचंच. ते मिनिटभरही नाही.

दीड वर्षापूर्वी गिटार घेतली. एका क्लासला चार महिने गेले, पण तिथे दहा जणांना एकच धडा आणि सगळा भर स्ट्रमिंगवर, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडण्यावर. हे गाणं काढलं की "ते नंतर बघू" म्हणायचे. शेवटी नेटवरून टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं) उतरवून घेतली आणि स्वतःच बसले. बोटं टॅबप्रमाणे पडतात, सूरही बरोबर लागतात, पण ऐकताना गाणं वाटत नाही. सुटे सुटे मणी ओघळल्यासारखं वाटतं. चौथ्या कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र धरायच्या सुरांचा गट) तर करंगळी पोहोचेपर्यंत सगळं थांबतं आणि चौथी तार मुकी पडते.

व्हिडिओवरून शिकावं की घरी येणारे शिक्षक शोधावेत? पिक (तारा छेडायची छोटी चकती) वापरू की बोटं? गिटार साधीच आहे, स्टीलच्या तारांची, ती बदलावी का? लहानपणी पाच वर्षं पेटी शिकले आहे, त्याचा काही उपयोग होत असेल तर तेही सांगा.

ओसरीवर

ताई, पेटीचा उपयोग होईल आणि तोही सगळ्यात जास्त. आठवडाभर टॅब मिटून ठेवा आणि पेटी काढा.

पांढरी सहाला सा धरा. आता सा वरून एकेक पट्टी खाली उतरत या: पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. म्हणजे सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. या गाण्याच्या सुरुवातीचा कणा हाच आहे. गिटारवर हे पाचही सूर चौथ्या तारेवर येतात (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड): सातवा फ्रेट, म्हणजे मानेवरचा सातवा खण, मग सहावा, पाचवा, चौथा, तिसरा. बाकीचं सगळं या उतरत्या जिन्याला धरून चालतं.

खालचा सूर उतरत असतानाच पहिल्या तारेवर सा, रे, कोमल ग असं चढत जातं. एक हात खाली, एक वर. तिसऱ्या कॉर्डपर्यंत दोन्ही सूर लांब गेलेले असतात आणि चौथ्या कॉर्डला वरचा सूर एकदम शुद्ध धवर येतो, खाली ध आणि वरही ध. मग वरचा पवर टेकतो आणि खालचा कोमल धवर. मला विचाराल तर गाण्याचा जीव त्या चौथ्या कॉर्डमध्ये आहे. तुम्ही नेमक्या तिथेच अडता म्हणून सांगतोय, तिथून पळवाट काढू नका.

तुम्हाला सुटे मणी वाटतात, कारण टॅबमध्ये सगळे आकडे सारखेच दिसतात. चौथ्या तारेचा सूर पुढचा सूर येईपर्यंत वाजत राहिला पाहिजे. तो वाजत राहिला की बाकीचे त्यात आपोआप ओवले जातात. म्हणून पहिला आठवडा फक्त अंगठा. पाच सूर, प्रत्येक चार मोजेपर्यंत धरायचा, आणि तोंडाने सरगम म्हणायची. मोठ्याने म्हणा, लाजू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच करायला लावतो. म्हणत नाहीत त्यांचं वादन महिनाभर कोरडं राहतं.

दुसऱ्या आठवड्यात उजवा हात. पिक नको, बोटंच घ्या. अंगठ्याला चौथी तार, तर्जनीला तिसरी, मधल्या बोटाला दुसरी, अनामिकेला पहिली. पहिल्या चार सुरांत हात अंगठ्याकडून अनामिकेकडे सरळ जातो: चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. पाचव्या सुराला मात्र चिमटा आहे. अंगठा आणि अनामिका एकदम, चौथी तार सहाव्या फ्रेटवर आणि पहिली सातव्या. नंतर दुसरी, तिसरी, परत पहिली. बहुतेक जण हा चिमटा मागेपुढे वाजवतात आणि तिथेच ओघ तुटतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटायला हव्यात. डावा हात न लावता, मोकळ्या तारांवर नुसता चिमटा रोज पाच मिनिटं करा.

डाव्या हाताला सुरुवातीला तर्जनी पाचव्या फ्रेटवर पहिल्या तीन तारांवर आडवी आणि अनामिका चौथ्या तारेच्या सातव्यावर. पुढे मधलं बोट सहाव्यावर, करंगळी पहिल्या तारेच्या सातव्यावर. त्यानंतर तर्जनीच आडवी होऊन चौथ्या तारेचा पाचवा धरते आणि करंगळी आठव्यावर सरकते.

शिक्षक मिळाले तर उत्तमच, पण आधी त्यांना विचारा की बोटांनी वाजवायला शिकवता का. स्ट्रमिंगच शिकवणार असतील तर पैसे वाचवा.

सहावीतार

गिटार बदलू नका, आधी तपासा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली किती जागा आहे ते मोजपट्टी लावून बघा. अडीच मिलीमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चारच्या वर असेल तर दोष तुमच्या करंगळीचा नाही, गिटारचा आहे. साध्या गिटार बऱ्याचदा अशाच येतात. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घ्या, तासाभराचं काम असतं. तारा बाराच्या जाडीच्या असतील तर दहाच्या किंवा अकराच्या, म्हणजे बारीक, लावा, आडवी तर्जनी लगेच हलकी वाटेल. आणि पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, तेव्हा हे काम आता, पावसाळा सरल्यावरच करा.

थेम्सकाठी

व्हिडिओबद्दल एकच सांगणं: कॉन्सर्टचे व्हिडिओ बघून बोटं ठरवू नका. रंगमंचावर लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायचा. बारा तारांचे आणि सहा तारांचे भाग एकाच गाण्यात वाजवायचे म्हणून. इलेक्ट्रिकच्या तारा मऊ असतात, तिथे सोपं दिसतं ते आपल्या अकूस्टिकवर तसं होत नाही. १९७१ च्या अल्बममधलंच रेकॉर्डिंग ऐका. यूट्यूबवर वेग अर्धा करता येतो आणि पट्टी बदलत नाही, त्यावर सराव छान होतो.

ओसरीवर म्हणतात त्या उतरत्या ओळीवर अमेरिकेत खटला चालला होता. स्पिरिट या बँडच्या १९६८ मधल्या टॉरस या वाद्यरचनेतून ती उचलली, असा दावा होता. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील कोर्टाने तोच कायम ठेवला. मायनर कॉर्डखाली सूर एकेक पट्टी उतरवणं फार जुनं आहे, कितीतरी रचनांत सापडतं, हा बचावाचा मुख्य मुद्दा. मी दोन्ही लागोपाठ वाजवून बघितली. उतार जवळचाच आहे, पण वर चढत जाणारी ती सा रे ग मला स्टेअरवेतच सापडली.

दादांना आवडेल म्हणून हेही: १९७२ मध्ये पेज आणि बँडचा गायक प्लांट यांनी मुंबईत भारतीय वादकांना घेऊन बँडच्या दोन गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं होतं, फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स.

वेलदोडा

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेतीन आठवडे झाले, म्हणून लिहितेय.

मोजपट्टी लावली, सव्वाचार मिलीमीटर निघाले! सॅडल घासून घेतलं, अकराच्या तारा लावल्या. दीड वर्ष मी करंगळीलाच बोल लावत होते.

पहिला आठवडा खरंच फक्त अंगठा केला. तिसऱ्या दिवशी कोमल नीवरून शुद्ध धवर उतरताना अंगावर काटा आला. भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते हेच होतं. बारीक आवाजातून बाकी काही पोहोचत नसे, हे खालचे सूर तेवढे यायचे.

आता मेट्रोनोमवर (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांना पहिली तीन कॉर्ड स्वच्छ येतात. चौथी येते, पण तिच्याआधी अजून थबकते. करंगळी पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवरून थेट चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर न्यायची, आणि त्याच वेळी बाकी तीन बोटांनी डी कॉर्डचा आकार धरायचा. चारही बोटं एकदम बसत नाहीत.

ओसरीवर

चारही एकदम बसवायचीच नाहीत. कुठले सूर कधी लागतात ते बघा. चौथ्या कॉर्डचा पहिला आवाज चिमट्याचा, म्हणजे फक्त चौथी आणि पहिली तार. त्याला दोनच बोटं लागतात: करंगळी चौथ्या तारेवर, मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. अनामिका दुसऱ्या तारेवर त्यानंतर आणि तर्जनी तिसऱ्या तारेवर सगळ्यात शेवटी. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा वेळ बराच आहे.

आणखी एक. तिसऱ्या कॉर्डचा शेवटचा सूर करंगळीचा आहे, पहिल्या तारेवर आठवा फ्रेट. तो वाजताना चौथी तार नुसती घुमत असते. पुढच्या सुराच्या अगदी तोंडाशी आडवी तर्जनी उचला, आधी नाही, नाहीतर खालचा सूर तुटेल. रोज फक्त ही उडी, वीस वेळा, मेट्रोनोम न लावता.

वेलदोडा

आज सकाळी दोनच बोटांनी करून बघितलं. वीसपैकी नऊ वेळा न थांबता गेली. मेट्रोनोम ४४ वर आणला आहे.