तिघांच्या बँडचा आवाज पोकळ का वाटतो

तुमच्या तिघांच्या बँडमध्ये दुसरी गिटार नाही, त्यात अल्बम घरीच रेकॉर्ड केलेला, म्हणून आवाज पोकळ येतो, असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही दादा. १९६६ साली लंडनमध्ये क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरिअन्स हे दोन्ही रॉक बँड तिघांचेच उभे राहिले. गिटार सोलोला, म्हणजे एकटी पुढं वाजायला गेली की खालचा सूर बास गिटारनं धरायचा, तिथं पोकळी राहतच नाही.

आम्ही तिघांनी मंगळवार पेठेत मित्राच्या माडीवर रेकॉर्डिंग केलं. ड्रमला चारच माइक: एक किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला), एक स्नेअरला (काडीनं वाजवायच्या खणखणीत छोट्या ड्रमला), दोन सगळ्या ड्रमच्या वर. वरचे दोन्ही स्नेअरपासून दोरीनं मोजून सारख्या अंतरावर लावले. अंतर चुकलं की एकच ठोका दोन माइकमध्ये मागंपुढं पोचतो आणि आवाज पातळ होतो. पहिले दोन दिवस आमचा ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता, तो याचमुळं. दोरी लावली आणि स्नेअर छातीवर आदळायला लागला, काय सांगू! बास थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यात, आणि गिटारचा अँप (आवाज मोठा करणारा स्पीकर) गाद्यांच्या आड. जुलैभर मात्र काम बंद, पत्र्यावरचा आपला पाऊस माहीतच आहे.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी माइकचं अंतर मोजून बघा. दुसरा गिटारवाला नंतर शोधा.